अंतर भागिले वेग: विमानप्रवासाचा वेळ असा का निघत नाही

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात एक नवा प्रश्न घरोघरी आला. दिल्लीचं किंवा गोव्याचं तिकीट शोधायला बसलं की आता दोन विमानतळ समोर येतात, वेळाही वेगवेगळ्या दिसतात. मग कुणीतरी इंटरनेटवर ‘ठाणे ते दिल्ली अंतर’ असं शोधतं. उत्तर येतं: सरळ रेषेत साधारण १,१२० किलोमीटर, विमानाने पावणेदोन-दोन तास. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात. शिवाय ठाण्यात विमानतळच नाही, मग हा वेळ कुणी मोजला?

मोजला कुणीच नाही. अशी उत्तरं देणारी बहुतेक गणनयंत्रं नकाशावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर घेतात, ताशी आठशेच्या आसपासच्या एका ठरावीक वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. हे सूत्र ठाणे-पुण्यालाही लावता येतं. सरळ अंतर १२० किलोमीटर, म्हणजे उड्डाण नऊ मिनिटांचं, अधिक अर्धा तास. अशा आकड्यावर विसंबून पहिल्यांदा विमानाने जाणारी माणसं संध्याकाळच्या बैठका ठरवतात, पुढच्या गाडीची आरक्षणं करतात आणि अडकतात. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

## आधी अंतराचं बघू

दोन शहरांमधलं अंतर हा एकच आकडा नसतो. मुंबई-दिल्ली रस्त्याने साधारण १,४०० किलोमीटर आहे, मुंबई सेंट्रलहून कोटामार्गे रेल्वेनेही जवळपास तेवढंच, आणि हवेतून १,१४० च्या आसपास. रस्त्याला आणि रुळांना नद्या, घाट, मधली गावं बघून वळावं लागतं.

हवेतली ‘सरळ रेषा’ मात्र भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा नव्हे. पृथ्वी गोल आहे, तिच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोन बोटं ठेवून दोरा ताणून पाहा. दोरा अरबस्तान आणि युरोपवरून आडवा जात नाही. तो उत्तरेला मध्य आशिया आणि रशियाच्या दिशेने चढतो, नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने वळतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. लांबच्या प्रवासात सीटसमोरच्या पडद्यावर विमान उगाच लांबून नेतायत असं वाटतं ते यामुळे. जो रस्ता वाकडा दिसतो तोच बहुधा जवळचा असतो.

दिल्लीसारख्या अंतराला या वक्रतेने फारसा फरक पडत नाही. आणि इथे एक गैरसमज लगेच दूर करतो. सांताक्रूझचा जुना विमानतळ आणि उलव्याजवळचा नवा, दोघांपासून दिल्ली जवळपास सारखीच लांब आहे. नवा विमानतळ थोडा दक्षिणेला आणि थोडा पूर्वेला आहे. दक्षिणेमुळे जे वाढतं ते पूर्वेमुळे कमी होतं. तिकिटांवरच्या वेळांतला फरक या अंतरामुळे नाही.

## सव्वादोन तास जातात कुठे?

आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर जी एअरबस ३२० सारखी विमानं बहुतांश दिसतात, ती उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. १,१४० ला ८३० ने भागलं की उत्तर येतं एक तास बावीस मिनिटं. तिकिटावरचा वेळ जवळपास तासाने जास्त.

यातला पहिला मुद्दा असा, की तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतोच. विमान कंपन्या मोजतात तो ब्लॉक टाइम. गेटवर उभ्या विमानाच्या चाकांचे अडसर काढून ते मागे ढकलायला सुरुवात होते तिथपासून, समोरच्या शहरात गेटवर थांबून चाकांना पुन्हा अडसर लागेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. म्हणजे जमिनीवरचं रांगणंही त्यात आलं.

आता दिल्लीच्या प्रवासाचे तुकडे पाडू. विमान मागे ढकललं जातं, इंजिनं सुरू होतात, धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं, पुढे दोन-तीन विमानं असतील तर थांबतं. यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. मग उड्डाण. पण उडाल्या उडाल्या ८३० चा वेग मिळत नाही. जमीन सोडताना वेग असतो ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. दहा हजार फुटांच्या खाली साधारण ४६० च्या वर जायला परवानगी नसते, कारण त्या थरात विमानांची गर्दी असते. पस्तीस हजार फुटांवर स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर साधारण २०० किलोमीटर मागे पडलेले असतात.

उतरणं तर आणखी आधी सुरू होतं. वैमानिकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल हवेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पस्तीस हजार फुटांवरून यायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. जयपूरच्या आसपास असतानाच दिल्लीचं उतरणं सुरू होतं, आणि शेवटच्या टप्प्यात वेग कमी करत करत यावं लागतं. त्यात पंचवीस-तीस मिनिटं जातात. मग धावपट्टीवरून गेटपर्यंत आणखी सात-आठ.

उरलं काय? १,१४० मधून दोन्ही टोकांचे दोन-दोनशे वजा केले तर ७४० किलोमीटर. एवढ्याच अंतरात विमान त्याच्या पूर्ण वेगाने जातं, आणि ते चोपन्न मिनिटांत संपतं. सव्वादोन तासांतला अर्ध्याहून जास्त वेळ चढण्यात, उतरण्यात आणि चाकांवर जातो.

गोव्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. मुंबई-गोवा हवाई अंतर साधारण ४२० किलोमीटर. दोनशे चढायला, दोनशे उतरायला, मध्ये जवळपास काहीच नाही. म्हणूनच अंतर दिल्लीच्या निम्म्याहून कमी, पण वेळापत्रकातला वेळ सव्वा तासाच्या घरात, म्हणजे दिल्लीच्या निम्म्याहून जास्त. जितका प्रवास छोटा, तितकं ‘अंतर भागिले वेग’ खोटं ठरतं.

## कंपन्या वेळ फुगवून सांगतात का?

हो, थोडा फुगवतात. पण त्यात लबाडीच आहे असं म्हणणं मला पटत नाही.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी सहसा एकच वापरतात. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात, म्हणजे सव्वा-दीड मिनिटाला एक. अशा ठिकाणी एकाला पाच मिनिटं उशीर झाला की मागच्या सगळ्यांना तो थोडाथोडा वाटून घ्यावा लागतो. कोपरखैरणे, घणसोली, महापे भागात राहणाऱ्यांना हे रोज दिसतं. पश्चिमेचा वारा असताना उतरणारी विमानं याच बाजूने येतात आणि रात्री त्यांचे दिवे एका ओळीत टांगल्यासारखे दिसतात. ती रांग लांबली तर मागच्यांना दूर आकाशात घिरट्या घालत थांबवतात.

अशा रांगेचा, पावसाळ्यातल्या खोळंब्याचा, दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याचा अंदाज घेऊन कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी जागा सोडतात. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान वक्तशीर धरतात आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला कंपन्यांच्या वक्तशीरपणाचे आकडे जाहीर करतं. तेव्हा कंपनीला आपला आकडा चांगला दिसावा असं वाटणारच. पण प्रवाशाचाही यात फायदा आहे. वीस मिनिटं लवकर पोचलेल्या माणसाचं काही बिघडत नाही. वीस मिनिटं उशिरा पोचलेल्याची पुढची गाडी सुटते.

वर्षातून दोनदा हे वेळापत्रक नव्याने मांडतात: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. एकाच मार्गाचा वेळ दोन्हींत पाच-दहा मिनिटांनी वेगळा दिसला तर ती छापण्यातली चूक नव्हे.

## उशीर झालाय तर पायलट जोरात का नेत नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकू येतो. जमिनीवर तासभर बसवून ठेवल्यावर तो पडणं अगदी स्वाभाविक आहे. उत्तर त्या ७४० किलोमीटरमध्ये आहे.

एअरबस ३२० साधारणपणे ध्वनीच्या ७८ टक्के वेगाने उडतं. त्याची कमाल मर्यादा ८२ टक्के आहे, त्यापुढे जायची मुभाच नाही. समजा वैमानिकांनी ८० टक्क्यांपर्यंत नेलं. ताशी ८३० चे झाले ८५०. चोपन्न मिनिटांचा तुकडा मग साडेबावन्न मिनिटांत होईल. वाचलं मिनिट-दीड मिनिट, आणि त्यासाठी इंधन मात्र जास्त जळलं. चढताना आणि उतरतानाचा वेग वैमानिकांच्या एकट्याच्या हातात नसतो, तो हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष ठरवतो. कधीकधी कक्षाकडून मधले वळसे टाळून थेट जाण्याची परवानगी मिळते आणि पाच-सात मिनिटं वाचतात. ‘पायलटने उशीर भरून काढला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हे घडलेलं असतं, किंवा वेळापत्रकात आधीच सोडलेली जागा वापरली गेलेली असते.

## जाताना कमी, येताना जास्त

मुंबई-कोलकाता घ्या. अंतर साधारण १,६६० किलोमीटर. हिवाळ्यात जाताना अडीच तासांच्या आसपास लागतात, येताना वीस-पंचवीस मिनिटं जास्त. शहरं तीच, विमानही तेच.

फरक वाऱ्याचा. वाशीच्या खाडीत होडी घालणाऱ्या कोळ्याला हे समजावायची गरज नाही. भरतीच्या पाण्याबरोबर आत यायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त त्याच भरतीच्या विरुद्ध बाहेर पडायला लागतो. वल्ह्याचा जोर पाण्यावर लागतो आणि पाणी स्वतःच वाहत असतं. तसंच विमान हवेत ८३० च्या वेगाने जातं आणि ती हवाच जमिनीवरून वाहत असते.

उत्तर भारतावर हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. समजा कोलकात्याच्या वाटेवर शंभराचाच वारा आहे. पूर्वेला जाताना जमिनीवरून मोजलेला वेग होतो ९३०, परतताना ७३०. पूर्ण वेगाने कापायच्या साधारण १,२५० किलोमीटरला जाताना ८१ मिनिटं, येताना १०३. फरक बावीस मिनिटांचा.

जाताना जेवढं मिळालं तेवढंच येताना गेलं आणि फिट्टंफाट झाली, असंही होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १८१ मिनिटं लागली असती, इथे लागली १८४. कारण विरुद्ध वाऱ्यात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो, म्हणजे तोटा जास्त काळ सोसावा लागतो.

पावसाळ्यात चित्र पालटतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर वरच्या थरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वारा जोर धरतो. आपल्या डोक्यावर ढग नैऋत्येकडून येत असतात आणि त्याच वेळी त्यांच्या कितीतरी वर हवा उलट दिशेने धावत असते.

## पृथ्वी फिरते, मग पश्चिमेला लवकर पोचायला हवं ना?

शाळकरी मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो उत्तम प्रश्न आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खालची दुबई आपणहून मुंबईकडे सरकायला हवी, असं वाटतं.

तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तशी फिरत नसती तर आपल्याकडे जमिनीवर ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाचं वादळ कायम चालू राहिलं असतं. विमान उडण्याआधीही पृथ्वीबरोबर फिरत होतं, उडाल्यावरही फिरत राहतं. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानावर परिणाम होतो तो आडवाटेने: वरच्या थरातले वारे पूर्वेकडे वळण्यामागे तिचं फिरणं हे एक मोठं कारण आहे. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक वेळा पश्चिमेला जायलाच उशीर लागतो.

## बंद आकाश

आकाश मोकळं दिसतं, पण ते देशांच्या सीमांनी आणि लष्करी क्षेत्रांनी वाटलेलं आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला, काही ठिकाणी वाटेत इंधनासाठी थांबावं लागलं. मुंबईहून पश्चिमेला जाणारी अनेक विमानं तशीही अरबी समुद्रावरून निघतात, त्यामुळे आपल्याकडे झळ कमी बसली.

## नव्या विमानतळामुळे वेळ वाचेल?

जमिनीवरचा वेळ वाचायला हवा. नव्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे, आणि आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. समांतर असल्याने पूर्ण झाल्यावर दोन्ही एकाच वेळी वापरता येतील, जे सांताक्रूझला सहसा होत नाही. जुन्याची काही गर्दी इकडे आली तर तिथली रांगही आखूड होईल.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर अंतर आहे, आणि चढायला-उतरायला दोनशे किलोमीटर लागतात हे आपण वर पाहिलं. म्हणजे दोघांचं आकाश एकच आहे. एकाच्या उतरणाऱ्या विमानांची वाट दुसऱ्याच्या चढणाऱ्या विमानांच्या वाटेशी जुळवून, उंचीचं अंतर राखून आखावी लागते. धावपट्ट्या दुप्पट झाल्या म्हणून आकाशातली जागा दुप्पट होत नाही.

## खरा वेळ: दारापासून दारापर्यंत

प्रवाशाने मोजायचा तो वेळ याहून वेगळाच आहे. नौपाड्यातून दिल्लीला निघालेल्या माणसाचं बघू. विमानतळावर पोचायला तास-सव्वा तास, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात म्हणून तिथे दीड-दोन तास आधी, मग सव्वादोन तास, सामान आणि बाहेर पडायला अर्धा तास, दिल्लीत मुक्कामी पोचायला आणखी तासभर. साडेसहा-सात तास झाले. यातला ७४० किलोमीटरचा ‘विमानाच्या वेगाचा’ तुकडा एक तासही नाही.

म्हणून ठाणेकरांनी विमानतळ निवडताना आकाशाकडे बघू नये, रस्त्याकडे बघावं. ठाणे पश्चिमेहून सांताक्रूझ अंतराने जवळ पडतं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून रस्ता टाळायचीही सोय झाली आहे: घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ पकडून थेट टर्मिनल २. मोठं सामान नसेल तर पूर्व द्रुतगती मार्गावरच्या संध्याकाळपेक्षा हे कितीतरी भरवशाचं. ऐरोली-रबाळेच्या पुढे मात्र पारडं झुकतं. कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेल इथल्यांना नवा विमानतळच सोयीचा. कळवा-मुंब्रा-डोंबिवलीच्या लोकांनी शिळफाट्याची त्या वेळची अवस्था बघून ठरवावं. तिथे अंतराला काही अर्थ नाही.

नागपूरला जाणाऱ्यांसाठी तर विमानच घ्यायचं का, हाही प्रश्न खुला झाला आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, भिवंडीजवळच्या आमण्यापासून सुरू होतो, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सलग जाता येतं. हवाई अंतर पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे रस्ता आणि आकाश यांत इतका कमी फरक क्वचित सापडतो. विमानाचा दीड तास दारापासून दारापर्यंत मोजला तर साडेपाच-सहा तास होतो. गाडीने थांबत गेलं तर नऊ-दहा तास. एकट्याने कामाला जायचं तर विमान घ्यावं. चौघं आणि सामान असेल तर माझा कौल रस्त्याला आहे, मात्र चालवायला दोघं हवेत आणि टायर चांगले हवेत.

## घड्याळ आणि कोड

परदेशी जाताना तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. सकाळी दहाला निघून पावणेबाराला पोचणारं विमान पावणेदोन तासांत जात नाही, सव्वातीन तास घेतं. परतताना उलट: रात्री दहाला निघून अडीचला उतरलं तर साडेचार तास लागल्यासारखं वाटतं, लागतात तीनच. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना उतरण्याची वेळ कळवताना निघण्याच्या वेळेत तास मिळवत बसू नका, तिकिटावरची पोचण्याची वेळ जशीच्या तशी कळवा.

आणि तिकीट काढताना शहराच्या नावाखालचा तीन अक्षरी कोड वाचा. बीओएम म्हणजे सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. शोधताना ‘मुंबई’ लिहिलं तर दोन्ही येऊ शकतात, आणि स्वस्त दिसणारं जोडतिकीट एका विमानतळावर उतरवून दुसऱ्यावरून निघणारं असू शकतं. मध्ये खाडी आहे, आणि सामान स्वतः घेऊन ती ओलांडायची आहे. असं तिकीट घ्यायचंच असेल तर दोन विमानांमध्ये किमान पाच तास ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.